‘डी ड्राइव्ह’चे काय केले?

वाचकाचे पत्र

गेली सव्वीस वर्षे मी नारायण पेठेत घरूनच प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम केले. येत्या मार्चअखेरीस ते थांबवत आहे. कामाचे दोन संगणक आहेत. एक २०१३ साली सुटे भाग जुळवून करून घेतलेला डेस्कटॉप. त्यात मूळची एक टीबीची हार्ड डिस्क आहे आणि वेग वाढावा म्हणून २०१९ मध्ये २४० जीबीची एसएसडीही, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्कही, बसवली आहे. दुसरा २०१७ सालचा डेलचा लॅटिट्यूड लॅपटॉप. त्यात फक्त एसएसडी असून विंडोज १० प्रो आहे. दोन्हींवर विंडोज ११ चालणार नाही असे कळले. बुधवार पेठेतील एका दुकानदाराने दोन्ही मिळून बारा हजार देऊ केले आहेत आणि ‘काळजी करू नका, फॉरमॅट मारून देतो’ असेही सांगितले आहे. भाचा म्हणतो, पस्तीस वेळा पुसल्याशिवाय उपयोग नाही. शेजारचे काका म्हणतात, डिस्कवरून लोहचुंबक फिरवा. यजमान म्हणतात, माळ्यावर ठेवून दे. तीनशेहून अधिक अशिलांची कागदपत्रे या यंत्रांत आहेत. नेमके काय करावे? आणि आणखी एक. २०१३ साली हा डेस्कटॉप घेताना त्याआधीचा संगणक मी काहीही न पुसता बदल्यात देऊन टाकला होता. ते आता टोचते आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्हाला मिळालेल्या चार सल्ल्यांपैकी तुमच्या यजमानांचा सल्ला सर्वांत कमी धोक्याचा आहे, हे आधी मान्य करतो. माळ्यावर पडलेल्या संगणकातून कोणी काही चोरत नाही. अडचण एवढीच की, माळ्यावरची वस्तू एक दिवस खाली येतेच. घर रंगवायला निघते, किंवा वाडा पुनर्विकासाला जातो, आणि त्या गडबडीत ती ज्याच्या हाती पडते त्याला तिच्यात काय आहे याची कल्पना नसते. म्हणून हे काम, काय कुठे ठेवले आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने, म्हणजे तुम्हीच, आत्ताच उरकलेले बरे.

दुकानदार तुम्हाला फसवतो आहे असे मला सुचवायचे नाही. ‘फॉरमॅट मारणे’ या शब्दांचा त्याच्या धंद्यातला अर्थ असा की, सी ड्राइव्ह झटपट रिकामा करायचा, त्यावर नवे विंडोज टाकायचे आणि यंत्र पुढच्या गिऱ्हाइकासाठी तासाभरात तयार करायचे. त्याचे काम तिथे संपते. तुमचे तिथे संपत नाही, कारण तुमचे काम सी ड्राइव्हवर नाहीच. आपल्याकडे संगणक शिकवताना सुरुवातीलाच बजावले जात असे की, ‘सी’वर काही ठेवू नका, विंडोज उडाले तर सगळे जाईल, कामाच्या फायली ‘डी’वर ठेवा. तुम्हीही गेली अनेक वर्षे हेच केले असणार. ज्या सवयीने तुमच्या फायली विंडोजच्या प्रत्येक बिघाडातून वाचल्या, तीच सवय आता त्यांना पुसण्यातूनही वाचवते. तुमच्या डेस्कटॉपमध्ये तर ही फारकत आणखी पक्की आहे, कारण २०१९ मध्ये नवी एसएसडी बसवल्यावर विंडोज तिच्यावर गेले असेल आणि २०१३ पासूनची सगळी विवरणपत्रे जुन्या हार्ड डिस्कवर ‘डी’ आणि ‘ई’ या नावांनी राहिली असतील. दुकानदाराच्या फॉरमॅटचा त्या डिस्कला स्पर्शही होणार नाही.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी ३२० जीबीची एक वापरलेली डिस्क घेतली होती. विकणाऱ्याने ती ‘कोरी’ असल्याची हमी दिली होती, आणि पहिल्या भागावर खरोखरच नवेकोरे विंडोज होते. दुसऱ्या भागावर एका गृहनिर्माण संस्थेचे काही वर्षांचे देखभाल खर्चाचे हिशेब, सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि कोणाच्या तरी मुंजीची छायाचित्रे होती. ती उघडायला कोणतेही कौशल्य लागले नाही. माउसने दोनदा टिचकी मारली, एवढेच. मी ती डिस्क पूर्ण पुसून वापरली. दुसरा कोणी काय करता, हे सांगता येत नाही.

आता पुसण्याविषयी. आपण फाइल डिलीट करतो, रीसायकल बिनही रिकामा करतो, तेव्हा संगणक त्या फाइलमधला मजकूर खोडत नाही. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची एक नोंदवही विंडोज ठेवते, तिला ‘मास्टर फाइल टेबल’ म्हणतात. डिलीट केल्यावर त्या वहीत फक्त ‘ही जागा मोकळी’ असा शेरा पडतो. सातबाऱ्यावरचे नाव कमी केल्याने शेतातला ऊस नाहीसा होत नाही. तो तोडेपर्यंत, किंवा त्या जागी दुसरे पीक येईपर्यंत, उभाच असतो. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे वहीच नवी घालणे. ऊस तरीही उभाच. ‘फोटोरेक’ किंवा ‘रेक्युव्हा’ यांसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हा उभा ऊस शोधून काढतात, आणि ती चालवायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

वापरलेल्या डिस्क विकताना माणसे काय करतात याची सर्वांत बोलकी पाहणी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या दोन विद्यार्थ्यांनी केली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक आणि वैद्यकीय कागदपत्रे सापडली. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. त्या विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे ‘फॉरमॅट मारला’ होता.

तुमच्या व्यवसायामुळे तुमच्या डिस्कचे मोल सामान्य घरगुती डिस्कपेक्षा बरेच जास्त आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असे कोणी म्हणेल. परंतु वार्षिक माहिती विवरणाच्या, म्हणजे एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. या चारही गोष्टी त्याच अशिलाच्या त्याच फोल्डरमधल्या शेजारच्या कागदावर छापलेल्या असतात. कुलूप लावून किल्ली दाराच्या कडीलाच अडकवण्याचा हा प्रकार आहे. शिवाय तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण कर सल्लागारांच्या कामाची पद्धत मी जवळून पाहिली आहे, म्हणून विचारतो : सगळ्या अशिलांच्या ई-फायलिंगच्या पासवर्डांची एक एक्सेल फाइल तुमच्याकडे आहे ना? असेल, तर या दोन्ही यंत्रांतली सर्वांत मौल्यवान वस्तू तीच, आणि तिच्या जुन्या प्रती ‘पासवर्ड नवीन’, ‘पासवर्ड अंतिम’ अशा नावांनी आणखी चार ठिकाणी पडलेल्या असण्याची शक्यता मोठी.

पुसण्याआधी तीन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली म्हणजे अर्थातच प्रत काढणे. जी कागदपत्रे पुढे नोटीस आली तर लागतील ती एका नव्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्यावीत, त्या डिस्कला बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीचा, पासवर्ड लावावा, आणि ती दुसऱ्याच कोणत्या तरी संगणकाला जोडून पाच-सहा फायली उघडून पाहाव्यात. कारण प्रत काढली गेली आहे हे कॉपीचा हिरवा पट्टा पूर्ण भरल्यावरून नव्हे, फाइल उघडल्यावरच कळते. दुसरी गोष्ट टॅलीची. तुमच्याकडे टॅलीचा परवाना असेल, तर प्रोग्रॅममधूनच लायसन्स ‘सरेंडर’ करून मगच यंत्र पुसावे, नाहीतर तो परवाना दुसऱ्या यंत्रावर चालू करताना विनाकारण खेटे पडतात. तिसरी गोष्ट वनड्राइव्हची, आणि इथे अनेक जण पोळतात : वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फायली संगणकावरून हाताने डिलीट केल्या, तर त्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरूनही जातात. आधी त्या यंत्राची वनड्राइव्हशी असलेली जोडणी तोडावी. गूगल खाते आणि व्हॉट्सॲप वेबमधून मात्र फोनवरूनच बाहेर पडावे, म्हणजे यंत्र हातात नसतानाही ते काम पक्के होते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मागच्या यूएसबी खाचेत राहून गेलेले नाही ना, तेही पाहावे. हसू नका, हे घडते.

आता भाच्याचे पस्तीस. हा आकडा हवेतून आलेला नाही. ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांनी १९९६ साली एका शोधनिबंधात पस्तीस वेगवेगळ्या नमुन्यांनी डिस्क पुन्हा पुन्हा लिहिण्याची पद्धत मांडली होती. ती तेव्हाच्या आणि त्याआधीच्या निरनिराळ्या जातींच्या डिस्क एकत्र गृहीत धरून केलेली होती. कोणत्याही एका डिस्कला पस्तीसही नमुने लागू होत नव्हते. आधुनिक डिस्कवर हा सगळा खटाटोप निरर्थक आहे, असे पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने माध्यमे पुसण्याविषयी जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्या २०१४ च्या आवृत्तीत चुंबकीय डिस्कसाठी शून्यांचा एक संपूर्ण फेरा पुरेसा मानला आहे. तुमच्या एक टीबीच्या डिस्कला एका फेऱ्यासाठी साधारण तीन तास लागतील. पस्तीस फेऱ्यांना चार दिवसांहून अधिक. भाच्याला हवे तर एवढा हिशेब सांगावा.

काकांच्या लोहचुंबकाविषयी दोनच वाक्ये. घरातल्या, अगदी जुन्या स्पीकरमधून काढलेल्या लोहचुंबकानेही बंद हार्ड डिस्कमधल्या नोंदींवर भरवसा ठेवण्याजोगा परिणाम होत नाही. आणि एसएसडीमध्ये तर माहिती चुंबकीय स्वरूपात नसतेच, त्यामुळे तिथे कितीही बलवान चुंबक आणला तरी व्यर्थ.

हार्ड डिस्क पुसायचा सर्वांत सोपा मार्ग विंडोजमध्येच आहे. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून फॉरमॅट केला, तर तो त्या भागावर सर्वत्र शून्ये लिहितो. ‘डी’ आणि ‘ई’ असे दोन भाग असतील, तर दोन्हींना स्वतंत्रपणे. ज्यांना कमांडची सवय आहे त्यांच्यासाठी ‘डिस्कपार्ट’मधली ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा एका दमात सगळी डिस्क शून्य करते. नुसते ‘क्लीन’ मात्र भागांची नोंद तेवढी पुसते, त्या दोहोंत गल्लत करू नये. कोणताही मार्ग घेतला तरी एक पथ्य कसोशीने पाळावे : काम सुरू करण्यापूर्वी प्रत काढलेली एक्स्टर्नल डिस्क संगणकापासून काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी. ‘डिस्क १’ आणि ‘डिस्क २’ यांत चूक होऊन माणसांनी जुनी डिस्क तशीच ठेवून नवी प्रतच पुसल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत, आणि त्यांतले एक माझ्याच घरातले आहे. शक्यतो गुरुवारी हे काम काढू नये. देखभालीसाठी वीज गेली तर डिस्कचे काही बिघडत नाही, पण फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

एसएसडीचा मामला वेगळा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. हार्ड डिस्कला ‘अमुक ठिकाणी शून्य लिही’ म्हटले की ती त्याच ठिकाणी लिहिते. एसएसडीमधल्या प्रत्येक कप्प्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, म्हणून तिच्यातला नियंत्रक झीज सर्वत्र सारखी व्हावी अशा बेताने लिखाण फिरवत राहतो. वहीचे चाळीसावे पान बदलायला सांगितले, तर तो ते पान खोडत नाही. कोऱ्या त्र्याण्णवाव्या पानावर नवा मजकूर लिहितो आणि स्वतःच्या अनुक्रमणिकेत ‘यापुढे त्र्याण्णवावे पान म्हणजेच चाळीसावे’ अशी नोंद करतो. जुने चाळीसावे पान सवडीने साफ होते. शिवाय वेष्टनावर लिहिलेल्या २४० जीबींपलीकडे काही राखीव कप्पे असतात, ते विंडोजला दिसतच नाहीत. मग विंडोजमधून लिहिलेली शून्ये तिथे पोहोचणार कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ साली हे प्रत्यक्ष तपासले, तेव्हा एकेक फाइल वर लिहून पुसण्याची एकही प्रचलित पद्धत एसएसडीवर भरवशाची ठरली नाही. उत्पादकांनी एसएसडीतच बसवलेली पुसण्याची आज्ञा परिणामकारक ठरली, पण काही उत्पादकांनी तीच चुकीची बसवली असल्याचेही त्यांना आढळले.

यातून दोन मार्ग निघतात आणि लॅपटॉपसाठी मी तुम्हाला दोन्ही एकापाठोपाठ करायला सांगेन. तुमच्याकडे विंडोज १० प्रो आहे, म्हणजे बिटलॉकर आहे. आधी बिटलॉकर चालू करावा. तो विचारील की, फक्त वापरलेली जागा सांकेतिक करायची की संपूर्ण ड्राइव्ह. इथे न चुकता संपूर्ण ड्राइव्ह निवडावा, कारण डिलीट केलेल्या जुन्या फायली ‘न वापरलेल्या’ जागेतच असतात. ते पूर्ण झाले की डिस्कवरचा मजकूर किल्लीविना निव्वळ कचरा होतो, आणि पुढे किल्ली नष्ट होणे म्हणजेच मजकूर नष्ट होणे. मग लॅपटॉप चार्जरला जोडून सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ व्यवस्थेत, जावे. त्या वर्षांच्या लॅटिट्यूडमध्ये ‘मेंटेनन्स’ या शीर्षकाखाली ‘डेटा वाइप’ असा पर्याय असतो. तो निवडला की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एसएसडीला तिचीच पुसण्याची आज्ञा दिली जाते. एचपीच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये हीच सोय ‘सिक्युअर इरेज’ या नावाने असते. यानंतर लॅपटॉप विंडोजविना उरेल आणि काळ्या पडद्यावर काहीतरी तक्रार करील. दुकानदाराला ते आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ‘यंत्र बंद आहे’ म्हणून तो भाव पाडणार नाही. विंडोज त्याला टाकायचे होतेच. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बिटलॉकरची किल्ली जपून ठेवलेली असेल, तर तीही काढून टाकावी.

बायोसमध्ये हात घालण्याची भीती वाटत असेल, तर बिटलॉकरनंतर विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून, डेटा साफ करण्याचा आणि सर्व ड्राइव्हवरच्या फायली काढण्याचा असे दोन्ही पर्याय चालू करावेत. ते मुळात बंद असतात. हा उपाय घरगुती वापरासाठी असून सरकारी वा औद्योगिक मानकांना पुरा पडत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. आधी बिटलॉकर केलेला असेल तर मला तो चालेल. एकट्या रीसेटवर मात्र मी तीनशे माणसांचे पॅन सोपवणार नाही.

राहिला डेस्कटॉप. खरे सांगायचे तर, त्याच्याबाबत वर लिहिलेले पुष्कळसे तुम्ही केले नाही तरी चालेल. तेरा वर्षांच्या डिस्कला बाजारात किंमत ती काय येणार? कॅबिनेटचे झाकण उघडले की प्रत्येक डिस्कला दोन वायरी आणि दोन-चार स्क्रू एवढेच दिसतात. यंत्र बंद करून, प्लग काढून, दोन्ही डिस्क बाहेर काढाव्यात आणि डेस्कटॉप डिस्कविना विकावा. दुकानदार पाचशे-हजार कमी करील. करू द्यावेत. तुमच्या जागी मी असतो तर हेच केले असते, कारण यात ‘नीट पुसले गेले का’ हा प्रश्नच उरत नाही.

काढलेल्या डिस्कचे पुढे काय, असे विचाराल. जुन्या हार्ड डिस्कला, ती बाहेर काढण्यापूर्वीच एकदा शून्यांनी पुसून, एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रिलने आरपार तीन-चार भोके पाडून घ्यावीत; डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, भोक सहज पडते. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये मात्र बऱ्याचदा काचेच्या तबकड्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात, म्हणून हे वाचून घरी करू पाहणाऱ्या इतर वाचकांनी डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय त्या फंदात पडू नये. एसएसडीला एक-दोन भोके पुरत नाहीत, आतली प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. डिस्क जाळणे हा प्रकार कोणीही करू नये, त्या धुराने शेजाऱ्यांचेही नुकसान होते. उरलेला सांगाडा ई-कचऱ्यात द्यावा. आपल्याकडे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था तो घेते. टेबलाच्या खणातल्या जुन्या पेनड्राइव्हनाही हाच न्याय लावावा. त्या नीट पुसता येतील याची खात्री देता येत नाही, आणि नव्या फार महाग नाहीत.

पुसण्याचे काम झाले की, डिस्क काढून भोके पाडण्याआधी, तपासावे. पुसलेल्या हार्ड डिस्कवर फोटोरेक चालवून पाहावे. एकही फाइल वर आली नाही, तर ठीक. एखादा जुना फॉर्म १६ जरी दिसला, तर कुठला तरी भाग राहून गेला आहे असे समजावे. हे तपासायचे काम भाच्याला द्यायला हरकत नाही. तसाही तो उत्साही दिसतो.

कायद्याचे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या व्यवसायात ते वगळता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हा घरगुती कारणासाठी बाळगलेल्या माहितीला लागू होत नाही; तुमची माहिती व्यवसायासाठी गोळा केलेली आहे, त्यामुळे ती सूट तुम्हाला नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठमोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून घातलेला आहे, त्याने तुमची झोप उडू नये. पण ‘दुकानदार म्हणाला होता’ हे खबरदारीचे उत्तर मानले जाईल असे मला वाटत नाही. काय, कधी आणि कोणत्या पद्धतीने पुसले याची एक पानभर नोंद, डिस्कच्या अनुक्रमांकांसह, लिहून ठेवावी. विकतानाही दुकानदाराकडून तारीख आणि यंत्राचा अनुक्रमांक असलेली पावती घ्यावी, म्हणजे पुढे त्या यंत्राचे काही बरेवाईट झाले तर ते कोणत्या दिवशी तुमच्या हातून गेले हे दाखवता येईल.

व्यवसाय बंद करताना आणखी एक काम पुसण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अनेक अशिलांच्या ई-फायलिंग खात्यांवर, सोयीसाठी, तुमचाच मोबाइल क्रमांक आणि तुमचाच ईमेल नोंदवलेला असेल. त्यांना एकेक करून कळवावे की, तिथे स्वतःचा क्रमांक घाला आणि पासवर्ड बदला. तो बदलला की तुमच्या एक्सेल फाइलची जगात कुठेही, ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर, विसरलेली प्रत राहिली असली तरी ती निरुपयोगी होते.

आता २०१३ साली गेलेल्या संगणकाविषयी. तो परत मिळणार नाही, आणि त्याच्या डिस्कवर पुढच्या मालकाने इतक्या वर्षांत काय काय लिहिले असेल ते सांगता येत नाही. बहुधा ती डिस्क एव्हाना मोडीतही गेली असेल. थोडा दिलासा असा की, विवरणपत्रात आधार क्रमांक देणे १ जुलै २०१७ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे त्या यंत्रात अशिलांचे आधार जवळजवळ नसणारच. पॅन, पत्ते, बँक खात्यांचे क्रमांक आणि तेव्हाचे ई-फायलिंगचे पासवर्ड मात्र असतील. तेव्हापासून आजपर्यंत जे अशील तुमच्याकडे आहेत त्यांची यादी फार मोठी नसावी. वर सांगितलेला पासवर्ड बदलण्याचा निरोप त्यांना सर्वांत आधी द्यावा आणि तो का देत आहात हेही आडपडदा न ठेवता सांगावे. आपल्या पॅनवर भलत्यानेच कर्ज काढलेले नाही ना, हे त्यांना स्वतःला पाहता येते : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या, चारही पत संस्थांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अहवालात अनोळखी कर्ज दिसले, तर त्या पत संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. पैसेच गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. तुमचा स्वतःचा अहवालही याच वेळी मागवून घ्या, कारण त्या संगणकात तुमचीही विवरणपत्रे होती.